चौथा वाघ

मल्लेश्वरम, बंगळूर
१२ ऑगस्ट १९६४

ती. मामंजींस,
हेमलताचा साष्टांग नमस्कार.

पपनसं पोचली. बसच्या टपावरून आली तरी एकही दबलेलं नव्हतं. एक सोललं, तर शेजारी राहणाऱ्या, आमच्याच खात्यातल्या कृष्णवेणी 'देवनहळ्ळीचा माल आलेला दिसतो' म्हणत आपणहून आल्या.

आज लिहायचं कारण मात्र वेगळं आहे. आमच्या संस्थेत इलेक्ट्रॉनिक गणकयंत्र घ्यायचं ठरलंय. इथे सगळे त्याला कॉम्प्युटरच म्हणतात. दोन कंपन्यांनी आपापलं यंत्र परीक्षेसाठी आणून बसवलं आहे, आणि कुठलं घ्यावं हे ठरवायला संचालक सुब्बारावांनी तिघांची समिती नेमली आहे. ते स्वतः, विद्याधर बोडस म्हणून सांगलीकडचे एक इंजिनिअर, आणि तिसरी मी. ऑर्डर वाचली तेव्हा मला वाटलं, टायपिस्टची चूक झाली.

चार वर्षांपूर्वी हे त्या चाचणीच्या विमानातून परत आले नाहीत, तेव्हा तुम्हीच माझी सर्टिफिकेटं पिशवीत घालून मला या संस्थेच्या फाटकापर्यंत आणलं होतंत. तुमच्या आक्का, म्हणजे आमच्या आत्याबाई, त्यानंतर कितीतरी दिवस तुमच्याशी बोलल्या नव्हत्या. तेव्हापासून मी हाताने दांडा फिरवायच्या यंत्रावर विमानाच्या पंखांची गणितं करते. पंख वाऱ्यात किती थरथरतील, कुठल्या वेगाला ती थरथर आवरेनाशी होईल, अशी. खात्यातल्या आम्हां सगळ्याजणींना महिना लागतो ते काम आलेल्या दोहोंतलं मोठं यंत्र एका सकाळीत करतं म्हणे.

मोठं यंत्र म्हणजे चार गोदरेजची कपाटं एकाशेजारी एक. त्याची स्मरणशक्ती एका चौकटीत असते. तारांमध्ये ओवलेले बारीक काळे मणी, हजारोंनी. बोडसांनी दार उघडून दाखवलं तेव्हा मी बराच वेळ पाहत राहिले. लहान यंत्र फार हळू चालतं, आणि त्याची घरघर जात्यासारखी.

तुमचा खोकला कसा आहे? घरकामाच्या यल्लव्वाला विचारून खरं ते लिहा.

आपली,
हेमलता

---

देवनहळ्ळी, कोट
२० ऑगस्ट १९६४

चि. हेमलता हीस गुंडूरावाचे अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं, मग दुकानात बसून मोठ्याने वाचलं. गिऱ्हाइकांना काही कळलं नाही, पण सगळे माना डोलावून सरी-सरी म्हणाले. आक्कालाही वाचून दाखवलं. ती म्हणाली, "यंत्र निवडायला बाई? पुढे काय, राजा निवडायला?" पण 'सुब्बारावांनी स्वतः नेमली' ही ओळ तिने परत वाचायला लावली.

मला यंत्रातलं काय समजतं? जन्म कापड विकण्यात गेला. पण विचारून ठेवतो. तुझ्या त्या कपाटांना घरातलं काय काम येतं? दूध उतू चाललेलं कळतं का? वाणसामानाची यादी करील का? नुसती विमानांचीच गणितं करणार असेल तर ते फार शिकलेल्या जावयासारखं झालं. मानाने बसवायचं आणि पाणी आपणच आणून द्यायचं.

आणि दुसरं. त्याला खेळता येतं का? तुझ्या सासूला पाहायला गेलो तेव्हा तिच्या बापाने मला आत बोलावून पट मांडला होता. खेळताना माणूस स्वतःला विसरतो, तेव्हा तो खरा कसा आहे ते दिसतं. यंत्राचं ठाऊक नाही.

खोकला स्वल्प आहे. यल्लव्वा जास्त सांगेल, तिचं ऐकू नये.

गुंडूराव

---

मल्लेश्वरम, बंगळूर
२७ सप्टेंबर १९६४

ती. मामंजींस,
साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र मी डबा खाताना हसत वाचत होते. बोडसांनी कारण विचारलं, म्हणून 'खेळता येतं का' एवढं वाचून दाखवलं. त्यांनी घास हातातच धरला आणि म्हणाले, "अहो, हे उत्तम आहे!"

झालंय असं, की दोन्ही कंपन्यांनी नमुन्याची गणितं त्यांचीच आणली आहेत. ती अर्थातच सुरेख सुटतात. बोडसांचं म्हणणं, यंत्राला असं काहीतरी द्यावं की जे त्याने कधी पाहिलेलं नाही, जे तासन्‌तास चालेल, आणि ज्यात कुठे अडतंय ते आपल्याला डोळ्यांनी दिसेल. बुद्धिबळ त्याला झेपणार नाही. मला तुमच्या दुकानाच्या पायरीवर कोरलेला पट आठवला. वाघ-बकरी! तीन वाघ, पंधरा बकऱ्या, तेवीस घरं. एवढं त्या मण्यांत सहज मावेल.

सुब्बाराव म्हणाले, "सरकारने हे यंत्र पोरखेळासाठी मागवलेलं नाही." मग बोडसांकडे पाहून, "कचेरीची वेळ संपल्यावर काय ते करा."

तेव्हा आता तुमच्याकडे मागणं आहे. नियम मला येतात, पण मी तुमच्याशी कधी जिंकले नाही. वाघाने झेप केव्हा घ्यावी, बकऱ्यांनी कोपरे आधी धरावेत की मध्य, हे सगळं लिहून पाठवा. यंत्राला 'अंदाजाने खेळ' असं सांगता येत नाही. त्याला प्रत्येक गोष्ट फोडून सांगावी लागते.

हेमलता

---

देवनहळ्ळी, कोट
१५ ऑक्टोबर १९६४

चि. हेमलता हीस अनेक आशीर्वाद.

उशीर झाला, कारण तू मागितलंस ते मला येतं पण सांगता येत नाही. शेवटी पायरीवर बसलो, चिंचोके मांडले आणि स्वतःशीच खेळलो. प्रत्येक चालीला स्वतःला विचारलं, 'गुंड्या, हे का केलंस?' लोक थांबून पाहत होते. दुकानात एकटा बडबडणारा म्हातारा, दुसरं काय!

सोबत आठ ताव आहेत. थोडक्यात सांगायचं तर वाघाने भुकेने झेपावू नये. समोर बकरी दिसली तरी उडी मारल्यावर आपण कोंडले जाऊ का, ते आधी पाहावं. बकऱ्यांनी एकमेकींच्या पाठीला पाठ लावून चालावं. मागचं घर रिकामं राहिलं की संपलं.

उमाकांत लहानपणी कायम वाघ मागायचा आणि दिसेल त्या बकरीवर झेप घ्यायचा. मी वाघ कोंडला की तो पट उधळायचा. आज हे लिहिताना तो फार आठवला. वाईट वाटलं असं नाही. बरं वाटलं.

तुझे हे बोडस नावाचे गृहस्थ घास हातात धरून बोलतात म्हणजे घरी जेवायला घालणारं कोणी नसावं.

गुंडूराव

---

मल्लेश्वरम, बंगळूर
२४ जानेवारी १९६५

ती. मामंजींस,
साष्टांग नमस्कार.

इतके दिवस पत्र नाही म्हणून रागावला असाल. तुमच्या आठ तावांची, यंत्राला वाचता येईल अशी भोकं पाडलेली कागदी फीत तयार करायला दिवाळीपासून संक्रांत उजाडली. बोडस आणि मी शब्दाशब्दाला भांडलो. 'भुकेने झेपावू नये' हे आकड्यांत कसं मांडायचं, यावर आम्ही एक आठवडा एकमेकांशी धड बोलत नव्हतो.

पण यंत्र खेळलं, मामंजी! आपण घराचा नंबर टाइप करायचा, की यंत्र आपली चाल छापतं आणि शेजारी सबंध पट. पहिल्याच डावात त्याने माझ्या बकऱ्यांचा फडशा पाडला, आणि अगदी तुमच्यासारखा! थांबून, वाट पाहून. मला इतका आनंद झाला की मी हरले हे लक्षातच आलं नाही. लहान यंत्रावरही फीत चढवली. तेही खेळलं, पण त्याच्या एका चालीच्या वेळात आमचा चहा पिऊन होई.

आता जे झालं ते सांगते. गेल्या मंगळवारी दुपारी वीज कमी दाबाने येत होती आणि खोली गार ठेवणारं यंत्र धापा टाकत होतं. मोठ्या यंत्राशी माझा डाव चालू होता. छापून आलेला कागद मी फाडून घेतला आणि पाहतच राहिले. पटावर चार वाघ होते.

मी फीत तपासली. बोडसांनी तपासली. आमची चूक नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं ठीक. दुपारी खोली तापल्यावर एक बकरी नाहीशी झाली. उष्णतेने त्या मण्यांतला एखादा मणी आपली खूण विसरतो, असं बोडस म्हणतात. तीन वाघांचे चार झाले तर मला दिसतं. पण पंखांच्या गणितात हजारो आकडे असतात. त्यातला एक बदलला तर कोणाला दिसणार?

सुब्बाराव म्हणतात, "एका खेळात चूक झाली म्हणून मी यंत्र नाकारू? नमुन्याची गणितं बरोबर आली आहेत." मार्चपर्यंत नव्या विमानाचं काम सुरू व्हायला हवं, वरून रोज विचारणा होते. अहवाल लिहून तयार आहे. दोघांच्या सह्यांची जागा रिकामी आहे. बोडस सुरुवातीपासून याच यंत्राच्या बाजूचे आहेत.

मला भीती वाटते, मामंजी. मी सही केली नाही तर लोक म्हणतील, विमान म्हटलं की हिचं मन थाऱ्यावर राहत नाही, हिला समितीवर घ्यायलाच नको होतं. आणि ते खरंही असेल.

हेमलता

---

देवनहळ्ळी, कोट
२७ जानेवारी १९६५

चि. हेमलता हीस आशीर्वाद.

पत्र आत्ता मिळालं, आत्ताच लिहितो. बस सुटायच्या आत टाकायचं आहे.

तुझं मन विमानाच्या नावाने हलतं हे खरं आहे. माझंही हलतं. आकाशात घरघर झाली की मी अजून हातातली कात्री खाली ठेवतो. पण म्हणून चौथा वाघ खोटा होत नाही.

त्या विमानात कोणाचातरी मुलगा बसणार आहे. सही करू नकोस. भांडूही नकोस. दुपारच्या वेळी सुब्बारावांसमोर त्यांचीच गणितं परत करून दाखव.

नोकरी गेली तर इथे दुकान आहे. तुला कापड मोजता येत नाही, ते शिकवीन.

गुंडूराव

---

मल्लेश्वरम, बंगळूर
१८ मार्च १९६५

ती. मामंजींस,
साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र पर्समध्ये घालून मी सुब्बारावांच्या खोलीत गेले. चार वाघांचा कागद त्यांच्यापुढे ठेवला. तेव्हा बोडस मागून आले आणि म्हणाले, "सर, मी या यंत्राची शिफारस केली होती. ती मी मागे घेतो. निदान परत तपासेपर्यंत."

मग भर दुपारी, गार हवेचं यंत्र बंद ठेवून, पंखाचं एकच गणित आम्ही मोठ्या यंत्रावर पाठोपाठ करत राहिलो. सुब्बाराव खुर्ची घेऊन बसले होते. पहिली उत्तरं जुळली. मग खोली तापली आणि एक उत्तर वेगळं आलं. फरक अगदी थोडा. पण त्या उत्तराप्रमाणे विमान ज्या वेगाला सुरक्षित ठरत होतं, त्या वेगाला खरं तर त्याचा पंख फाटला असता. सुब्बारावांनी दोन्ही कागद शेजारी धरले. मग म्हणाले, "वाघाचा खेळ मलाही दाखवा."

कंपनी मण्यांची सबंध चौकट बदलून देणार आहे, आणि गारव्याची वेगळी सोय. एप्रिल-मेच्या उन्हात परत परीक्षा, मगच निर्णय. तोवर रोजची कामं, पगारपत्रकं वगैरे, लहान यंत्रावर. ते हळू आहे, पण अजून एकदाही चुकलेलं नाही. आमच्या सगळ्याजणींना फिती तयार करायला शिकवावं, असं मी अहवालात लिहिलं आहे. सुब्बारावांनी ते खोडलं नाही.

बाकी ठीक. बोडसांबरोबरचं काम आता संपत आलं आहे. उकाडा वाढला आहे. खोकल्याचं लिहा.

हेमलता

---

देवनहळ्ळी, कोट
६ एप्रिल १९६५

चि. हेमलता हीस अनेक आशीर्वाद.

यंत्राचं वाचून छाती भरून आली. आक्काने देवापुढे साखर ठेवली आणि कोणासाठी ते सांगितलं नाही.

आता तुझ्या पत्राच्या शेवटाबद्दल. आठ महिने दर पत्रात बोडस, बोडस, आणि अचानक 'काम संपत आलं, उकाडा वाढला'. म्हातारा झालो तरी वाचता येतं मला.

गेल्या रविवारी ते इथे आले होते. तुला सांगितलं नसणार, कारण मीच 'सांगू नका' म्हणालो. दुपारच्या बसने आले. दुकानाच्या पायरीवर उभे राहिले आणि पट पाहत म्हणाले, "हाच का तो?" मी चिंचोके काढले. ते हरले. परत मांडा म्हणाले. परत हरले. शेवटची बस गेली तरी उठेनात. यल्लव्वाने भाकरी आणि पालेभाजीचं सोप्पिनसारू वाढलं, मागून घेऊन जेवले.

जेवणानंतर मी विचारलं, "काय काम काढलंत?"

ते म्हणाले, "मी हेमलताबाईंना लग्नाचं विचारलं. त्या नाही म्हणाल्या. कारण विचारलं तर म्हणाल्या, देवनहळ्ळीला माझं माणूस आहे. ते कोण, ते पाहायला आलो."

मी अंथरूण घालून दिलं. सकाळी पाया पडून गेले, दुसरं काही मागितलं नाही.

हेमलता, मी तुझ्यावर रागावलो आहे. माझ्या नावावर नकार दिलास आणि मला विचारलंही नाहीस.

गुंडूराव

---

मल्लेश्वरम, बंगळूर
१२ एप्रिल १९६५

ती. मामंजींस,
साष्टांग नमस्कार.

काय लिहू? तुमचं पत्र वाचून आधी मला त्यांचा राग आला, मग तुमचा, मग रडू आलं.

ते चांगले आहेत. माझ्या मनात काहीच नाही असं लिहिलं तर तुम्ही ओळखाल, म्हणून लिहीत नाही. पण मामंजी, माझे आईवडील गेल्यावर मला घर म्हणून एकच उरलं आणि ते तुमचं. आणि त्या घरात मी आहे ती यांच्यामुळे, तुमच्या मुलामुळे. उद्या माझं आडनाव बदललं तर गणपतीला मी कुठे यायचं? तुम्हाला पत्र लिहिताना वर काय लिहायचं? लोक विचारतील, ही तुमची कोण, तर तुम्ही काय सांगाल?

मला नवं घर नको असं नाही. पण हे जुनं सोडून नको.

हेमलता

---

देवनहळ्ळी, कोट
१९ एप्रिल १९६५

चि. सौ. कां. हेमलता हीस अनेक उत्तम आशीर्वाद.

वर काय लिहिलं आहे ते परत वाच. चार वर्षं तुझ्या नावामागे नुसतं 'चि.' लिहिताना दर वेळी माझी लेखणी अडखळायची. आज अडखळली नाही.

तू कोण, ते विचारतेस. उमाकांत गेला तेव्हा लोक मला भेटायला येत आणि बोलण्यासारखं काही उरलं नाही की उठून जात. तू एकटी उरलीस, जिच्याशी मला रोजचं बोलता आलं. दुधाचं, पपनसांचं, खोकल्याचं. ते काही उमाकांतने लावून दिलेलं नाही. ते आपण दोघांनी मागाहून केलं. तुझ्या लग्नाने ते कसं मोडेल? कोणी विचारलं तर सांगेन, ही माझी मुलगी, बंगळूरला मोठ्या हुद्द्यावर आहे. ते ऐकून त्यांना पुढचा प्रश्न सुचायचा नाही.

कन्यादान मी करणार. आक्काला सांगितलं, तर तिने भांडी आपटली. दोन दिवस माझं ताट आदळून वाढलं. काल तिसऱ्या दिवशी ट्रंक उघडून बसली. मी विचारलं, काय शोधतेस? म्हणाली, "हिरवी पैठणी नेसेल का ती? की तिला तिच्या त्या यंत्रासारखं तपासून हवं सगळं?" अय्यो, मी बाहेर येऊन पायरीवर बसलो. डोळे पुसायला धोतराचा सोगा पुरेना.

मे महिन्यातली परीक्षा आटोपू दे. लग्न त्यानंतर. काम अर्धं टाकून बोहल्यावर चढलेलं मला आवडणार नाही.

बोडसांना कळव, की म्हाताऱ्याची हरकत नाही. पण बकऱ्या खेळताना ते मध्य लवकर सोडतात, ते सुधारावं.

गुंडूराव

---

बंगळूर
९ फेब्रुवारी १९६६

ती. मामंजींस,
हेमलता आणि विद्याधर यांचा साष्टांग नमस्कार.

आज नवं विमान पहिल्यांदा उडालं. कालपासून तुम्हाला कळवायचं मनात होतं, पण तुम्ही दिवसभर दुकानात आभाळाकडे पाहत बसला असता, म्हणून मुद्दाम नाही कळवलं.

हे परत आले नाहीत त्या दिवसानंतर मी धावपट्टीकडे कधी गेले नव्हते. आजही जाणार नव्हते. सुब्बाराव स्वतः खोलीत आले आणि म्हणाले, "चला. पंखांची गणितं तुमच्या खात्याची आहेत." विद्याधर नुसते बरोबर चालू लागले.

आम्ही सगळ्याजणी कुंपणापाशी उभ्या होतो. वैमानिक तरुण होता, तुमच्याचसारखा किडकिडीत. शिडीवर चढताना त्याने मागे वळून कोणालातरी हात केला. मी कोणाला ते पाहिलं नाही. विमान उठलं, होस्कोटेच्या बाजूला वळलं आणि दिसेनासं झालं. आवाजही गेला. मामंजी, ती वेळ मी कशी काढली ते मला सांगता येणार नाही. चौकट बदललेल्या मोठ्या यंत्रावर केलेली ती सगळी गणितं मनात पहिल्यापासून परत करत होते. कृष्णवेणींनी माझा हात धरला होता, आता पाहते तर त्यांच्या बांगडीचा वळ उठला आहे.

मग पूर्वेला एक ठिपका दिसला.

चाकं जमिनीला लागली, धूळ उडाली, विमान पार टोकापर्यंत जाऊन सावकाश वळून आलं. लोक टाळ्या वाजवत धावले. मी होते तिथेच उभी राहिले. तो मुलगा शिडीवरून खाली उतरला, डोक्यावरचं शिरस्त्राण काढलं, घामाने केस चिकटले होते. सुब्बाराव हार घेऊन पुढे झाले. तो त्यांना काहीतरी म्हणाला आणि सगळे हसले. मला ऐकू आलं नाही, म्हणून मी विद्याधरना विचारलं.

ते म्हणाले, "सकाळपासून पोटात काही नाही, आधी जेवायला द्या म्हणतोय."

मामंजी, मी तिथेच मातीत बसले आणि पोटभर रडले.

तुमची मुलगी,
हेमलता